पृथ्वीगोल मी फोडला होता

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथास्पर्धेचं परीक्षण माझ्या गळ्यात मारलं. विषय होता 'हरवलेलं बालपण'. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरात कथांचे दोन गठ्ठे येऊन पडले आणि मी आठवडाभर सकाळचा चहा त्यांच्यासोबत कडू करून प्यायले.

जवळजवळ प्रत्येक कथेच्या शेवटी एकच वाक्य होतं. त्या दिवशी माझं बालपण संपलं. कुणाचं घरचा बोकड कापल्यावर संपलं, कुणाचं वडिलांना गुत्त्यातून बाहेर येताना पाहिल्यावर. एका बाईंचं अंगणातलं आंब्याचं झाड तोडल्यावर संपलं होतं आणि त्या झाडावर त्यांनी अकरा पानं खर्ची घातली होती. सगळ्या कथांतली मुलं सारखीच. मोठे डोळे, मऊ मन, चिमणीच्या पिल्लाला पाणी पाजणारी. त्यांना जगातलं काहीच माहीत नसतं. मग एक मोठा माणूस काहीतरी वाईट करतो आणि ती मुलं खिडकीत उभी राहून शहाणी होतात.

अशी मुलं मी कधी पाहिलेली नाहीत. मी स्वतः तशी नव्हते. सहाव्या वर्षी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं की कुणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कुणाच्या घरी तहान नाही म्हणायचं. कुठल्या काकूंना काका मारतात, कुणाची ताई अचानक मामाच्या गावाला का गेली, सगळं माहीत होतं. त्यावर आम्ही खेळ खेळायचो. आणि मोठेपणी यांतलाच एखादा लेखक होतो आणि लिहितो की मला काही ठाऊक नव्हतं. कशाला खोटं बोलता?

एवढ्या तिरस्काराने बोलायचा मला हक्क आहे, कारण ते वाक्य मीही लिहिलेलं आहे. सत्ताविसाव्या वर्षी लिहिलं. त्या कथेला बक्षीस मिळालं, ती काही वर्षं अकरावीच्या मुलांना धडा म्हणून होती, आणि आजही कुठे भाषणाला गेले की माझी ओळख त्या एका कथेवरून करून देतात. त्यानंतर मी वीस वर्षं बरंच काही लिहिलं, ते कुणी वाचलेलं नसतं.

कथा अशी होती. घोटीसारख्या एका गावातली प्राथमिक शाळा. चौथीच्या वर्गातला पृथ्वीगोल फुटतो. तो गावातल्या चेअरमनच्या मुलाने फोडलेला असतो, आणि गुरुजींना ते माहीत असतं. तरी ते चेअरमनला घाबरून डोंगरातल्या पाड्यावरून येणाऱ्या एका गरीब मुलीला छड्या मारतात. मुलगी ढसाढसा रडते, शाळा सोडून जाते. गुरुजींची स्वतःची मुलगी त्याच वर्गात असते. ती हे सगळं बघते, आणि त्या दिवशी तिचं बालपण संपतं.

खरं काय घडलं ते सांगते.

माझे वडील घोटीच्या शाळेत शिक्षक होते आणि मी त्यांच्याच वर्गात होते. पृथ्वीगोल होता. कपाटावर ठेवलेला असायचा आणि बाबांशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही असा नियम होता. जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर चढून तो खाली काढला. का, तर मला तो जोरात फिरवून पाहायचा होता. फिरवता फिरवता तो स्टँडमधून निसटला आणि फरशीवर पडून बरोबर विषुववृत्तावर उकलला. चेअरमनचा मुलगा वगैरे कुणी नव्हता. वर्गात तेव्हा आणखी एकच मुलगी होती. ती पाड्यावरून चार मैल चालत यायची, म्हणून दुपारी घरी जाता यायचं नाही. मागच्या कोपऱ्यात बसून नागलीची भाकर खात होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पृथ्वीगोलाकडे पाहिलं आणि पुन्हा भाकर खायला लागली.

सुट्टी संपल्यावर बाबांनी विचारलं, "कुणी फोडला?"

मी लगेच उभी राहिले आणि तिचं नाव घेतलं. लगेच, हे महत्त्वाचं आहे. घाबरून नाही, गोंधळून नाही. मला नीट कळत होतं की माझ्यावर विश्वास ठेवला जाईल आणि तिच्यावर नाही. आणखी एक गोष्ट कळत होती. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, बाबा फळ्यावर उदाहरण घालायचे आणि माझं चुकलं की तिला उभं करायचे. तिचं नाव घेताना मला बरं वाटलं. दहा वर्षांची होते मी.

बाबांनी तिला विचारलं, "तू फोडलास?"

ती काहीच बोलली नाही. बाबांनी तिच्या हातावर चार छड्या मारल्या. तीही रडली नाही, मीही रडले नाही. पुढच्या तासाला आम्ही नद्यांची नावं पाठ केली.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी मला विचारलं, "तूच ना?"

त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. कदाचित बाकावर माझ्या पायाचे ठसे असतील, कदाचित माझा चेहराच तसा असेल. मी मान हलवली. आईने त्यांच्याकडे पाहिलं. बाबा अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला कुणी रागावलं नाही, मारलं नाही. मी माझं जेवण पूर्ण केलं आणि वर दहीभात मागून घेतला. ती मुलगी त्यानंतर काही दिवस शाळेत आली आणि मग यायची बंद झाली.

बस, एवढंच. माझं काही संपलं नाही. मी पाचवीत गेले, सहावीत गेले, मजेत होते.

सतरा वर्षांनी कथा लिहायला बसले तेव्हा मला ही हकीकत आठवली, आणि हातातली लेखणी आपोआप तिला धुऊन-पुसून बसवायला लागली. फोडणारी मी, तर कथेला सहानुभूती कोण देणार? म्हणून चेअरमनचा मुलगा आणला. मग कुणीतरी नीच हवा, म्हणून बाबांना भित्रं केलं. मुलीला रडवलं, कारण न रडणारी मुलगी वाचकाला आवडत नाही. आणि स्वतःला खिडकीत उभं केलं, मोठ्या डोळ्यांनी. कारागिरी म्हणून चांगली होती ती कथा. सगळ्या खोट्या गोष्टी एकमेकींना घट्ट धरून होत्या.

एक चूक मात्र झाली. कथेतल्या गुरुजींच्या चष्म्याची काडी मी दोऱ्याने बांधलेली दाखवली. बाबांचा चष्मा तसाच होता आणि अख्ख्या घोटीला तो माहीत होता. कथा छापून आल्यावर बाजारात लोक त्यांना हसून विचारायचे, "काय गुरुजी, चेअरमनला एवढं भ्यायचात होय?" निवृत्तीच्या निरोप समारंभातही एका सहकाऱ्याने तोच विनोद केला. बाबा हसले. मी तिथेच बसले होते.

घरी मात्र त्यांनी कथेबद्दल एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं आहे. 'विषुववृत्त' बरोबर लिहिलंस."

मला वाटलं, कलेतलं यांना काय कळणार. असंही वाटलं होतं मला, ते लपवण्यात आता काही अर्थ नाही.

आता बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. ही सगळी जुनी घाण वर आली ती यंदाच्या हिवाळ्यात. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या मराठी विभागाने एक दिवसाचं चर्चासत्र ठेवलं, 'साहित्यातील निरागसतेचा अंत'. विभागप्रमुख प्राध्यापकांचा फोन आला. "मॅडम, बीजभाषण तुमचंच. तुमच्या कथेशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. आणि एक सरप्राइजही आहे." मला सरप्राइज आवडत नाही, पण स्तुती आवडते, म्हणून गेले.

सकाळच्या सत्रात तीन निबंध वाचले गेले. पहिल्या गृहस्थांनी निरागसतेचे पाच टप्पे पाडले होते आणि प्रत्येक टप्प्याला एक संस्कृत नाव दिलं होतं. दुसऱ्या बाई 'बालमनाची काच' हा शब्दप्रयोग इतक्या वेळा करत होत्या की मागच्या रांगेतली मुलं मोजायला लागली. तिसऱ्यांना ग्रामीण मुलं ही शहरी मुलांपेक्षा जास्त निरागस असतात असं सिद्ध करायचं होतं. समोर पेठ, सुरगाणा, घोटीकडून होस्टेलवर राहायला आलेली पोरं-पोरी बसली होती. ती आपल्याबद्दलचं हे संशोधन मोबाइल खाली धरून ऐकत होती. प्राध्यापक मात्र पहिल्या खुर्चीत बसून मान डोलावत होते आणि मधूनमधून डोळे पुसत होते. कोरडेच डोळे पुसत होते, मी शेजारीच होते.

माझं भाषण झालं. तेच, जे मी वीस वर्षं करते. टाळ्या झाल्या.

मग प्राध्यापक माइककडे गेले. "आपण सगळ्यांनी ती कथा वाचलीय, त्या मुलीसाठी रडलोय. मित्रहो, आमचा एक विद्यार्थी घोटीजवळच्या पाड्यावरचा आहे. त्याच्याकडून शोध लागला. ती मुलगी काल्पनिक नाही. आणि ती आज इथे आहे. निरागसतेच्या अंताचा जिवंत पुरावा!"

पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेली एक बाई उठली. मी सकाळपासून तिला पाहत होते आणि कुणाची तरी आई असेल असं समजत होते. माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली, डोक्यावरून पदर, पायात पोरांचे असतात तसे बूट. ती पायऱ्या चढून वर आली. प्राध्यापकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, काचेचं एक स्मृतिचिन्ह दिलं आणि फोटोसाठी आम्हा दोघींना जवळ ढकललं. चाळीस वर्षांनी मी तिला ओळखलं ते डोळ्यांवरून. ती माझ्याकडे तशीच बघत होती, जसं भाकर खाताना बघितलं होतं.

"दोन शब्द बोलाल का?" प्राध्यापकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, जणू आजाऱ्याशी बोलत होते.

"बोलते की," ती म्हणाली. दोनदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेली बाई ती, हे मला नंतर कळलं. माइक तिने स्वतःच्या उंचीला खाली ओढून घेतला.

"नमस्कार. ही गोष्ट मला माझ्या नातवानं वाचून दाखवली. चांगली लिवलीय. पण तिच्यात मी रडते, ते काय खरं नाय. मी रडले नव्हते. मला लय राग आला व्हता." ती माझ्याकडे वळली. "तू फोडलावता ना गं तो गोळा?"

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. प्राध्यापकांचा हात रुमालाकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

"हो," मी म्हणाले. माइक तिच्याकडे होता, पण ऐकू गेलं असावं.

"मंग तसंच लिवायचं ना. चेअरमनचं पोर कशाला आणलं मधी? त्याला तर दोन पोरीच व्हत्या." आता सगळेच हसले. "आन मी काय गप नव्हते बसले. दोन दिवसांनी हिच्या नव्या चपला दारात व्हत्या, लाल पट्ट्याच्या. त्या उचलल्या आन संडासाच्या खड्ड्यात टाकल्या."

मला ते आठवलं. कुत्र्याने नेल्या असं सगळे म्हणाले होते. त्या चपलांसाठी मी दिवसभर रडले होते. सगळ्या प्रकरणात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेवढंच, आणि ते चपलांसाठी.

"आन शाळा मी माराच्या पायी नाय सोडली," ती म्हणाली. "मार तर सगळेच खायचे. भात काढून झाला की आमच्या घरचे द्राक्षाच्या कामाला खाली जायचे, त्या साली मला पण नेली. गुरुजी तर दोनदा आले व्हते पाड्यावर."

"कोण गुरुजी?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न.

"तुझा बाप. दुसरं कोण? पहिल्या वेळी आले ते माझ्यासमोर खाली बसले आन म्हनले, पोरी, चूक माझी झाली, नीट न विचारता मारलं. माझ्या मायनं त्यांना चहा दिला. दुसऱ्यांदा आले ते पुस्तकं घेऊन आले. म्हनले, हिला ठेवा, मी शिकवतो, हुशार हाय. पण आमचं जायचं ठरलं व्हतं." तिने शाल सारखी केली. "गुरुजींना तू लय वाईट दाखवलंस गोष्टीत. ते तसे नव्हते. एवढंच सांगायला आले मी. आता बसते."

प्राध्यापक पुढे आले. गोंधळले असतील असं मला वाटलं होतं, पण माणूस तयारीचा. "पाहिलंत?" ते म्हणाले. "किती निरागसपणे बोलल्या!"

त्या क्षणी मला त्यांची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात क्वचितच कुणाची आली असेल. त्या बाईने आपण किती साफ हिशेबाने सूड घेतला ते उभ्या सभेला सांगितलं, एका म्हाताऱ्या माणसाची बाजू घेतली, मला तोंडावर खोटी ठरवलं, आणि हा अजून तिच्यात चिमणीचं पिल्लू शोधत होता. पण किळस करता करता लक्षात आलं की हा माझाच वाचक. मीच याला असं वाचायला शिकवलं होतं.

जेवणाच्या वेळी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माफी मागायची म्हणून चार वाक्यं जुळवली होती. मी सुरुवात केली तर ती म्हणाली, "ते राहू दे. पुरी गरम हाय तोवर खा." मग तिने बाबांची चौकशी केली, गुडघे कसे आहेत, चालतात का. म्हणाली, "आण की एकदा त्यांना पाड्यावर."

घरी आले तेव्हा बाबा बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही तिच्या पाड्यावर गेला होतात?"

त्यांनी कुणाच्या, असं विचारलं नाही. "गेलो होतो. दोनदा."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"आणि कथा आली तेव्हा? लोक तुम्हाला हसत होते, तेव्हा तरी सांगायचं!"

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी तिला मारलं होतं ते खरंच होतं ना? कशासाठी मारलं, ते तू बदललंस. मार नाही बदललास. मग मी काय म्हणून बोलायचं?" मग म्हणाले, "आणि तू खोटं बोलतेयस हे मला वर्गातही कळलं होतं. छडी हातात घेतानाच कळलं होतं. ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे तुला माहीत नव्हतं. मला वाटलं, बरं झालं."

मी आत गेले आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिले. चेअरमनला नाही, पण स्वतःच्या मुलीला भ्याले होते ते. माझ्या कथेतल्या गुरुजींपेक्षा हा माणूस वाईट की चांगला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असा माणूस लिहायची माझी लायकी नव्हती, म्हणून मी सोपा माणूस लिहिला.

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीत घालून पाड्यावर नेलं. घोटीपासून पुढे रस्ता आता बराच वरपर्यंत झालाय. ती अंगणात उभी होती. बाबांना हाताला धरून तिने खाटेवर बसवलं आणि त्यांच्या पाया पडली. बाबांनी तिच्या दोन्ही हातांचे तळवे उलटे करून पाहिले, जसा डॉक्टर बघतो तसे. मग ती त्यांना यंदाच्या भाताबद्दल सांगायला लागली, इंद्रायणी किती आणि गावठी वाण किती, आणि कुठलं खत फसवं निघालं. बाबा तोंडी हिशेब घालायचे, ती त्यांच्या आधी उत्तर द्यायची, आणि दोघं हसायची. दोन तास मला कुणी काही विचारलं नाही. नातवाने तेवढी एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, तिच्यावर मी बसून राहिले.

परतताना मी गाडी चालवता चालवता बाबांना म्हणाले, "हे सगळं आता खरं खरं लिहावं म्हणते."

"लिही," ते म्हणाले. "पण तुझं मन भरून आलं वगैरे लिहू नकोस. आलं नव्हतं. मी बघत होतो. तू सारखी घड्याळ बघत होतीस."

ते खरं होतं. मी गाडी घोटीत थांबवली, कारण त्यांना चहा हवा होता. टपरीवर उभ्या उभ्या ते दोन कप प्यायले आणि टपरीवाल्याला त्यांनी सांगितलं की साखर कमी झाली.